टाकून द्यायचा स्वेटर

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. नाव 'कॉम्रेड्स पॅकिंग फायनल फायनल ३'. (ज्यांनी आयुष्यात एकदा तरी रिलीजच्या रात्री जागरण केलंय त्यांना या नावाबद्दल वेगळं सांगायला नको.) त्यात चौसष्ट ओळी आहेत. वस्तू, नग, कुठल्या बॅगेत, घेतली का, किंमत असे रकाने आहेत. जे बाकी आहे ते लाल, झालं ते हिरवं. एवढं नीटनेटकं डॉक्युमेंट मी ऑफिसात कधी केलं नसेल. मॅनेजरने पाहिलं तर अप्रेझलमध्येच काढेल!

आता कॉम्रेड्स म्हणजे काय ते थोडक्यात. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग ही दोन शहरं आहेत. त्यांच्यामध्ये दरवर्षी एक शर्यत होते. पहिली झाली २४ मे १९२१ ला, पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी. व्हिक क्लॅफम नावाच्या एका माजी सैनिकाने ती सुरू केली आणि पहिल्या वर्षी चौतीस जण धावायला उभे राहिले. आता हजारोंनी राहतात. साधारणपणे एका वर्षी डर्बनकडून वर, तर दुसऱ्या वर्षी वरून खाली. २०२५ चं वर्ष 'डाऊन'चं होतं, म्हणजे पीटरमारित्झबर्ग ते डर्बन. अंतर ८९.९८ किलोमीटर आणि वेळ बारा तास. बारा तासांच्या वर एक सेकंद झाला तरी पदक नाही. तिथे शेवटचा बार उडवणारा माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो म्हणे, कारण समोर बघितलं तर कुणाचीतरी दया येईल.

हे सगळं मी घरी, म्हणजे कवठे महांकाळला, फोनवर आण्णांना सांगितलं होतं. तो संवाद असा झाला.

"किती पळायचं म्हणालास?"

"नव्वद किलोमीटर."

"म्हंजी पंढरपूर की."

खरंच की! आमच्या गावापासून नागज फाटा, सांगोला करत पंढरपूर तेवढंच पडतं, नव्वद-पंच्याण्णव.

"मुक्काम किती?"

"मुक्काम नाही आण्णा. एका दमात. बारा तासांत."

थोडा वेळ फोनवर नुसताच वाऱ्याचा आवाज. बहुतेक बागेत होते. मग म्हणाले, "आन जेवायचं कुठं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, ओळ क्रमांक २३ ते ३१. पण ते फोनवर कसं सांगणार? म्हटलं, घरी आल्यावर दाखवतो.

जायच्या आधी घरी एक चक्कर हवीच होती. आईने तसा हुकूमच काढला होता. २४-२५ मे चा वीकेंड ठरला. शर्यत ८ जूनला. दोन आठवडे आधी पळणं कमी करायचं असतं, त्यामुळे लांब पल्ल्याचं ट्रेनिंग संपलेलं. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन ठरलेल्या वेळेत पुरी करून पात्रता मिळवली होती. त्यानंतर चार महिने दर शनिवारी सिंहगडाचा गाडीरस्ता. चढायला नव्हे, उतरायला! 'डाऊन' म्हटलं की लोकांना वाटतं सोपं असेल. पण उतारावर मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात. ताणले जात असतानाच जोर लावावा लागला की ते आतून फाटत जातात. पन्नास किलोमीटरनंतर जिना उतरता येत नाही अशी अवस्था. त्यामुळे सराव उतरायचाच करावा लागतो.

असो. तर शनिवारी दुपारी भर पावसात घरी पोचलो. मे महिन्यात पाऊस! कवठे महांकाळ तालुका म्हणजे पिढ्यान् पिढ्या पावसाची वाट बघणारा. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं म्हणून बागा उभ्या राहिल्या, नाहीतर टँकर ठरलेला. आणि त्या वर्षी मॉन्सूनच्या आधीच राज्यभर धो धो सुरू होता. मी आपला खुश. काय गारवा, काय मातीचा वास! आण्णा मात्र ओसरीवर बसून आभाळाकडे बघत होते. बोलले काहीच नाहीत.

संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून मी दुकान मांडलं. आई चहाचा कप घेऊन समोर बसली, आण्णा खुर्चीत. मी एकेक वस्तू उचलून सांगत होतो, अगदी डेमो देतात तसा.

पहिला नियम, शर्यतीला जे लागणार ते सगळं विमानात आपल्याजवळ. चेक-इन केलेली बॅग हरवली तर टूथब्रश विकत मिळतो, तीनशे किलोमीटर धावून पायात बसलेला बूट मिळत नाही. त्यामुळे शर्यतीचे बूट पायातच घालून जायचं. चड्डी, टी-शर्ट, मोजे, टोपी, घड्याळ, पात्रतेची आणि नोंदणीची कागदपत्रं, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये. पॉवर बँक तर नियमानेच जवळ ठेवावी लागते. खायची जेल विमानाच्या हिशोबात द्रवात मोडतात, म्हणून पारदर्शक पिशवीत वेगळी.

दुसरा नियम, शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. नवीन बूट नाही, नवीन मोजे नाहीत, नवीन खाणं नाही. (आईने आणलेला नवा कोरा टॉवेल चालेल, तो शर्यतीनंतर.)

तिसरं, व्हॅसलीन. जिथे जिथे कातडीला कातडी किंवा कापड घासतं तिथे तिथे. हे सांगताना मी जरा घुटमळलो. आण्णा म्हणाले, "सांग की. चालणाऱ्या माणसाला म्हाईत असतंय."

चौथं, वेदनाशामक गोळी शर्यतीत घ्यायची नाही. तासन् तास धावताना किडनीवर आधीच ताण असतो, त्यात भर नको. आणि तहानेपेक्षा जास्त पाणीही ढोसायचं नाही. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भलत्याच अवस्थेत दवाखान्यात जातो. वाटेत चाळीसच्या वर टेबलं असतात, पाणी मिळतं ते छोट्या प्लास्टिकच्या पुड्यांमधून. कोपरा दाताने तोडायचा आणि चोखायचं. केळी, संत्री, कोला आणि उकडून मीठ लावलेले बटाटे.

"बटाटं?" आईचा चेहरा उजळला. "मग उपासाचंच की सगळं!"

एक गंमत म्हणजे प्लग. दक्षिण आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी जाड तीन गोल पिनांचं सॉकेट असतं, आपल्याकडे गिझरला असतं तसं. मी महागडं युनिव्हर्सल अडॅप्टर मागवलं होतं. नंतर कळलं की मिरजेतल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा मोठा प्लग आणि त्याला जोडलेला बोर्ड चालला असता. हे वाचणाऱ्यांनी तेवढे पैसे वाचवावेत.

प्रवासाचीही एक चूक सांगतो, कारण ती मी करता करता राहिलो. सगळ्यात स्वस्त तिकीट आदिस अबाबावरून होतं. बुक करणार एवढ्यात ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं, पिवळ्या तापाची लस घेतलीस का? इथिओपिया त्या तापाच्या यादीत आहे. अशा देशातून भारतात परत येताना लशीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आणि लस आज टोचली तर कार्ड लागू होतं दहा दिवसांनी. शर्यत धावून आलोय आणि पायऱ्या उतरता येत नाहीत अशा अवस्थेत क्वारंटाईन! मग दुबईवरून तिकीट काढलं, बावीस हजार जास्त देऊन. व्हिसाचं मात्र वेळेत झालं. पासपोर्ट हातात येईपर्यंत पंधरा दिवस झोप नव्हती ते सोडा.

आणि ओळ क्रमांक ५८, 'टाकून द्यायचा स्वेटर, १ नग'.

"म्हंजी?" आईने विचारलं.

जूनमध्ये तिकडे हिवाळा. पहाटे अंधारात, हजारोंच्या गर्दीत तास-दीड तास उभं राहायचं. पीटरमारित्झबर्गला कडाक्याची थंडी. म्हणून जुनं काहीतरी अंगात घालायचं आणि धावून अंग तापलं की रस्त्याकडेला टाकून द्यायचं. तिथले लोक उचलून नेतात, वापरतात.

"टाकायला कोण स्वेटर घेऊन जातं रे," आई म्हणाली. आण्णा उठले, आत गेले आणि लोखंडी कपाटातून एक तपकिरी स्वेटर काढून आणला. कोपरावर उसवलेला. वारीला जाताना पिशवीत असायचा तो. रात्रीच्या मुक्कामाला, अंथरुणाखाली नाहीतर अंगात.

"हा घे. जुना झालाय."

मी घेतला. शीटमध्ये ओळ ५८ हिरवी केली. आणि आण्णांना नीट दिसावं म्हणून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. इथे माझी चूक झाली. शेवटचा रकाना लपवायचा राहिला होता.

आण्णांना चष्म्याशिवायही आकडे दिसतात. चाळीस वर्षं व्यापाऱ्यांच्या पट्ट्या वाचलेला माणूस. खाली ठळक अक्षरात होतं, 'एकूण १,९२,४००'.

घरी मी सांगितलं होतं साठ-सत्तर हजार. ते खोटं नव्हतं असं मी स्वतःला समजावत होतो, कारण विमानाचं तिकीट तेवढंच होतं. बाकी हॉटेल, प्रवेश फी, व्हिसा, बूट दोन जोड... आण्णा काही बोलले नाहीत. "चांगलं मांडलंयस," म्हणाले आणि जेवायला बसले. जेवताना आफ्रिकेवर एक वाक्य बोलले, "त्यांची द्राक्षं युरोपात आपल्या आधी पोचत्यात." बास.

रात्री झोप लागेना. पाऊस पत्र्यावर वाजत होता. दोन लाख म्हणजे माझ्यासाठी दोन वर्षांचं साठवणं, ठीक आहे. पण त्याच घरात दोन लाख म्हणजे काय असतं ते मला माहीत नाही असं थोडंच आहे? मी इंजिनीअरिंगला होतो तेव्हा एका वर्षीची फी बेदाण्याच्या एका गाडीतून गेली होती. त्या वर्षी शेडवर बेदाणा वाळत असताना अवकाळी पाऊस झाला असता तर मी आज कदाचित हे लिहीत नसतो.

रविवारी पहाटे पंधरा किलोमीटर करायचे होते. पाऊस थांबला होता. मी नागजच्या रस्त्याला लागलो. चार-पाच किलोमीटर गेल्यावर मागून ओळखीची मोटारसायकल. आण्णा. हँडलला पाण्याची बाटली अडकवलेली.

"पळ तू. मी हाय मागं."

ते पुढे जायचे, थांबायचे, मी पोचलो की बाटली द्यायचे. काही बोलणं नाही. परतीला आमच्या बागेपाशी गाडी थांबवली. मीही थांबलो. वेलींखाली पाणी साचलं होतं. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काड्यांच्या पानांवर डाग दिसत होते.

"करपा?" मी विचारलं.

"करपा बी, डाऊनी बी. त्ये औषधानं आवरंल एकवेळ. पण ऊन न्हाई." मग त्यांनी समजावून सांगितलं. पुढच्या हंगामाचा घड डोळ्याला दिसतो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, पण काडीच्या डोळ्यात तो तयार होतो मे-जूनमध्येच. त्यासाठी कडक ऊन लागतं. या दिवसांत आभाळ भरून राहिलं तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी तयार होते. म्हणजे मी ज्या गारव्यावर खुश होतो, तो पुढच्या वर्षीचं उत्पन्न खात होता.

"फवारणीला किती गेले?"

"जात्यात की."

"किती आण्णा?"

"औषधाच्या दुकानात चाळीस हजाराची उधारी हाय. तुला कशाला सांगायचं? तू पळायच्या गडबडीत."

दोघंही गप्प. मग तेच म्हणाले, "तू कर्ज काढून चाललायस का?"

"नाही. साठवलेले आहेत."

"मग झालं. तुझं पैसं, तू कुठं बी घाल. मी वारीला जातो तवा आई इचारती का, काय मिळतंय म्हणून? पण सत्तर म्हणून सांगायचं न्हवतं. आम्ही काय आडवलं असतं का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते बोलायला लागलो असतो तर रडलो असतो. मी एवढंच म्हटलं, "तुम्हीपण उधारी लपवली."

"व्हय," आण्णा म्हणाले. "लपवली." आणि हसले.

घरी आल्यावर लॅपटॉप उघडला. दुसरा जोड बूट अजून डब्यातच होता, तो परत करता येत होता. डर्बनमध्ये शर्यतीनंतरचे दोन दिवस फिरायला ठेवले होते, ते हॉटेल रद्द केलं, परतीची तारीख अलीकडे आणली. अडॅप्टरही परत. सगळं मिळून चाळीस हजार काही होत नव्हते, सत्तावीस झाले. उरलेले माझ्या खात्यातून टाकले. औषध दुकानदाराला मी परस्पर पैसे पाठवले म्हणून आण्णा दोन दिवस बोलले नाहीत, तो वेगळा किस्सा. त्याग वगैरे काही नव्हता हो. चौसष्ट ओळींतल्या अकरा ओळी मुळात लागणाऱ्याच नव्हत्या, हे कळायला मला बागेच्या बांधावर उभं राहावं लागलं इतकंच. निघताना आण्णांनी त्यांची वारीची पिशवी दाखवली. दोन जोड कपडे, टॉवेल, तांब्या, चादर, गोळ्यांची पुडी, टाळ. दरवर्षी चार मुक्काम करून माणूस पंढरपूरला पोचतो एवढ्यावर.

आईने किलोभर घरचे बेदाणे दिले होते. परदेशात खाण्याच्या वस्तूंचे नियम असतात म्हणून ते विमानातच संपवले. शेजारच्या गुजराती काकूंनीही मदत केली.

७ जूनला मी डर्बनमध्ये होतो. ही तारीख मला आधीपासून माहीत होती. ७ जून १८९३ ला, याच पीटरमारित्झबर्ग स्टेशनवर, गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून बाहेर काढलं होतं. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पण पॅकिंग करत असताना मला त्यातला एक वेगळाच तपशील लागला होता. त्यांचं सामान रेल्वेच्या लोकांनी ताब्यात घेतलं. जवळ फक्त हातातली पिशवी. आणि ओव्हरकोट होता त्या सामानात. पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी तो मागितला नाही आणि वेटिंग रूममध्ये रात्रभर कुडकुडत बसून राहिले. तिकडची ती थंडी पहाटे आमच्या बसमधून उतरलो तेव्हा मला समजली. आपण आपल्या हौसेने, परतीचं तिकीट खिशात ठेवून थंडीत उभे आहोत, आणि एकशे बत्तीस वर्षांपूर्वी आपल्यासारखाच तेवीस वर्षांचा एक मुलगा इथेच कोटाशिवाय बसला होता. मी स्वेटरची बाही ओढून बोटं आत घेतली.

सिटी हॉलसमोर आधी राष्ट्रगीत, मग 'शोशोलोझा'. खाणीत जाणाऱ्या मजुरांचं गाणं, हजारो लोक एका सुरात. आजूबाजूचे कितीतरी जण रडत होते. मग कोंबड्याची बांग, बंदुकीचा बार, आणि निघालो.

पॉली शॉर्ट्सचा उतार लागला तेव्हा उजाडत होतं. अंग तापलं होतं. लोक स्वेटर, पोती, प्लास्टिकच्या पिशव्या काढून फेकत होते. मला फेकवेना. कमरेला बांधून आणखी अर्धा किलोमीटर नेला. मग रस्त्याकडेला शेकोटीपाशी एक म्हातारे गृहस्थ उभे दिसले, आण्णांच्याच वयाचे. थांबलो, दोन्ही हातांनी दिला. त्यांनी तिथल्या तिथे अंगात घातला. कोपरावरचं भोक त्यांनी बघितलं आणि हसले. माझा अर्धा मिनिट गेला असेल.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. साठनंतर मांड्या संपल्या. फील्ड्स हिल उतरताना एकेका पावलाला तोंडातून आवाज येत होता. बटाटे मात्र अप्रतिम! अकरा तास एकेचाळीस मिनिटांत पोचलो. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना जे पदक मिळतं त्याला व्हिक क्लॅफमचंच नाव आहे. आकाराने लहान असतं, शर्टाच्या बटणापेक्षा थोडं मोठं.

घरी फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, आपण साडेतीन तास पुढे. आईने विचारलं, "जेवलास का?" आण्णांनी विचारलं, "स्वेटर टाकलास?"

"नाही. एकांना दिला."

"हां," ते म्हणाले. "मग बरं झालं."

६ जुलैला आषाढी होती. त्याच्या चार-पाच दिवस आधी आण्णा निघाले. निघायच्या आदल्या रात्री फोन आला, "ते तुझ्या कागदात व्हॅसलीन होतं, त्ये कुठलं? साधंच आणू का?"

"साधंच आणा," मी म्हटलं. "आणि स्वेटर?"

"यंदा चादरच बास."